‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’मध्ये धर्म लपवलाय का? कॅरल्सच्या दडलेल्या अर्थांविषयी

निळीशाई | ९ डिसेंबर, रात्री १०:४२

मुलगी तिसरीत आहे. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमासाठी तिच्या वर्गाचं ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ बसवताहेत. या इंग्रजी गाण्यात नाताळच्या बारा दिवसांत प्रियकर (‘ट्रू लव्ह’) रोज एक नवी भेट पाठवतो, आणि आधीच्या सगळ्या भेटी पुन्हा. तिच्या वाट्याला आठवा दिवस आलाय, म्हणजे दूध काढणाऱ्या आठ गवळणी. गेले दहा दिवस घरात दुसरं काही नाही. पोळ्या लाटता लाटता मीही तेच गुणगुणते.

परवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. त्यात म्हटलंय की १५५८ ते १८२९ या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिकांना उघडपणे धर्म पाळायला बंदी होती, म्हणून मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी हे गाणं सांकेतिक भाषेत रचलं. ‘ट्रू लव्ह’ म्हणजे देव. पेअरच्या झाडावरचा तितर म्हणजे येशू. दोन होले म्हणजे जुना आणि नवा करार. तीन फ्रेंच कोंबड्या म्हणजे विश्वास, आशा, प्रीती. चार पक्षी म्हणजे चार शुभवर्तमानं, पाच अंगठ्या म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं. असं करत करत बारा ढोलवाले म्हणजे प्रेषितांच्या मतांगीकारातली (श्रद्धेच्या कबुलीतली) बारा कलमं. माझ्या लेकीच्या आठ गवळणी म्हणजे येशूची ‘धन्य ते’ने सुरू होणारी आठ वचनं.

झालं, ग्रुपवर दोन तट पडले. एकीचं म्हणणं, मुलांच्या तोंडी गुपचूप धर्माचे धडे घालताहेत, गाणं बदलायला सांगा. दुसरी आई कॅथलिक आहे. तिला तो मजकूर वाचून भरून आलं होतं, आमच्या लोकांनी किती सोसलं बघा, असं तिने लिहिलं आणि त्यावर पहिली आणखी चिडली. दोघीही माझ्या जवळच्या. भांडण अर्थावरून चाललंय, पण ती गोष्ट मुळात खरी आहे का हे कुणीच विचारत नाहीये. इथे चर्चमध्ये गाणारे, इतिहास वाचणारे लोक आहेत, म्हणून विचारते. आणि खरी नसेल, तर बाकीच्या जुन्या कॅरल्समध्ये, म्हणजे नाताळच्या गाण्यांमध्ये, असं काही दडलेलं असतं का?

कानसेन | ९ डिसेंबर, रात्री ११:१५

हा मजकूर मला दरवर्षी डिसेंबरात येतो. उत्तराची वाट बघतोय.

यॉर्कशायरचा_पाऊस | १० डिसेंबर, पहाटे ३:०८

शेफील्डला राहतो, अकरावं वर्ष. इथल्या कॅरल्सच्या नादाला लागलोय म्हणून सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर: नाही. हे गाणं छापील रूपात पहिल्यांदा सापडतं ते १७८०च्या सुमाराला, लंडनमध्ये निघालेल्या मुलांच्या एका छोट्या पुस्तकात. तिथे तो आठवणीचा खेळ आहे. गोल करून बसायचं, एकाने पहिला दिवस म्हणायचा, पुढच्याने पहिला-दुसरा, त्याच्या पुढच्याने तिन्ही. जो चुकेल त्याला दंड. सांकेतिक धर्मशिक्षणाची गोष्ट त्या पुस्तकात नाही, अठराव्या शतकात नाही, एकोणिसाव्यातही नाही. ती पुढे आली १९७९ साली, ह्यू मॅकेलर नावाच्या कॅनडातल्या शिक्षकाच्या एका लेखातून. १९९०च्या दशकात इंटरनेटवर चढली आणि तिथून तुमच्या ग्रुपपर्यंत आली.

आता नुसतं ‘पुरावा नाही’ म्हणून थांबायला नको, कारण गोष्ट आतूनच उसवते. त्या बारा अर्थांकडे नीट बघा. दोन करार, चार शुभवर्तमानं, दहा आज्ञा, मतांगीकार. यातलं काय कॅथलिक आहे आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या सरकारी चर्चचं) नाही? दहा आज्ञा आणि मतांगीकार तर इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या प्रार्थनापुस्तकातच होते, प्रत्येक मुलाकडून ते पाठ करून घेत. ज्या गोष्टींसाठी जीव धोक्यात होता त्या म्हणजे मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), पोपचा अधिकार, जपमाळ, संतांची विनवणी. त्यांतली एकही या गाण्यात नाही. जे चौकात मोठ्याने म्हणायला मोकळीक होती ते कोंबड्यांच्या आड लपवायचं आणि जे लपवायला हवं ते सोडूनच द्यायचं, असं कोण करेल?

एकच अपवाद निघतो, सात हंसांचा. काही याद्यांत ते सात साक्रामेंत (पवित्र संस्कार) असतात, आणि अँग्लिकन त्यांतली दोनच मूळ मानतात. पण दुसऱ्या याद्यांत तेच हंस पवित्र आत्म्याची सात दानं होतात. खरी किल्ली असती तर कुलूप एकाच पद्धतीने उघडलं असतं.

शिवाय गाण्याचे शब्द जागोजागी वेगळे. चौथ्या दिवशीचे ‘कॉलिंग बर्ड्स’ आपण म्हणतो ते १९०९चे, फ्रेडरिक ऑस्टिन या संगीतकाराने छापलेल्या आवृत्तीतले. ‘फाइव्ह गोल्ड रिंग्ज’ला जो लांब ठेहराव घेतो तोही त्याचाच. त्याआधी ते ‘कॉली बर्ड्स’ होते, म्हणजे कोळशासारखे काळे पक्षी. स्कॉटलंडमधल्या एका जुन्या पाठात तर राजा राणीला पहिल्या दिवशी पोपट पाठवतो आणि पुढे एका दिवशी अरबी बबून माकड. त्या माकडाचा अर्थ कुठल्या कराराशी लावायचा?

कानसेन | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

दंडाचा खेळ म्हटल्यावर भोंडल्याचं ‘एक लिंबू झेलू बाई, दोन लिंबं झेलू’ आठवलं. आई आम्हाला ते चढत्या क्रमाने म्हणायला लावायची आणि चुकेल त्याला खिरापत शेवटी. मोजणीच्या गाण्याला अर्थापेक्षा मोजणीचीच मजा असते.

अनवट_वाट | १० डिसेंबर, सकाळी ९:५५

यॉर्कशायर, तुमचा युक्तिवाद चांगला आहे, पण एक गोष्ट खटकते. गुप्त गोष्ट होती तर तिचा लेखी पुरावा कसा मिळेल? पकडले जाऊ नये म्हणून तर ती गाण्यात घातली ना. ज्यांनी छळ सोसला त्यांच्याकडेच दोनशे वर्षांनी कागद मागायचे हा न्याय नाही. आणि घरोघरी तोंडी चालत आलेली आठवण कुणा अभ्यासकाच्या नजरेतून सुटू शकते.

वसईचा_वारा | १० डिसेंबर, दुपारी १:२०

मला हा धागा वाचून वाईट वाटलं, ते सरळ सांगते. वसईत आमच्या धर्मग्रामात मी नऊ वर्षं रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. ही गोष्ट मी मुलांना दर डिसेंबरात सांगत आलेय. फळ्यावर बारा चित्रं काढायची, एकेका चित्राखाली अर्थ लिहायचा. मुलांना फार आवडतं. शंका कधी आलीच नाही, कारण मूळ छळ तर खरा होता ना?

यॉर्कशायरचा_पाऊस | १० डिसेंबर, रात्री ११:४०

ताई, छळ खराच होता, आणि अनवट_वाट यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात रविवारी सरकारी चर्चला गेलं नाही तर १२ पेन्स दंड होता. १५८१ साली तो महिन्याला २० पौंड झाला, म्हणजे चांगलं खातंपितं घर धुळीला मिळेल इतका. १५८५नंतर परदेशी दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू देशात सापडला तर राजद्रोह, शिक्षा मृत्यू. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्यू.

मग लोकांनी लपवलं. आणि जे लपवलं ते आजही दाखवता येतं. जुन्या हवेल्यांच्या भिंतींत, जिन्यांखाली धर्मगुरूंना लपवायचे कोनाडे आहेत, माणूस जेमतेम मावेल एवढे. त्यांतले बरेच निकोलस ओवेन नावाच्या सुताराने रात्री एकट्याने काम करून बांधले. १६०६ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये छळ होऊन तो मेला, पण कोनाड्यांच्या जागा सांगितल्या नाहीत. संगीतात विल्यम बर्ड आहे. राणीच्या दरबारातला मोठा संगीतकार, मनाने कॅथलिक. १५९०च्या दशकात त्याने तीन मिस्सा, म्हणजे त्या उपासनेच्या संगीतरचना, छापल्या, तीन, चार आणि पाच आवाजांच्या. त्यांना मुखपृष्ठच नाही. छापणाऱ्याचं नाव नाही, साल नाही. पानांवर बर्डचं नाव, स्वर आणि लॅटिन शब्द, घराच्या बंद खोलीत चार माणसांना गाता यावेत असे. मी त्यांतली चार आवाजांची मिस्सा एकदा इथल्या छोट्या क्वायरबरोबर गायलोय. शेवटच्या ओळीत ‘आम्हाला शांती दे’ म्हणताना आवाज एकमेकांत असे अडकतात की श्वास कुठे घ्यावा कळत नाही.

तर गुप्ततेच्या खुणा राहतात. त्या तितराच्या गाण्यात नाहीत, बर्डच्या त्या मुखपृष्ठ नसलेल्या पानांत आहेत.

मांडवी_तीर | ११ डिसेंबर, सकाळी ८:१२

अनवट_वाट, खुणांविषयी आमच्याकडचंच उदाहरण देतो. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या तिसवाडी, बार्देस, सासष्टीत देवळं पाडली गेली. १५६०च्या सुमाराला कुशस्थळीहून मंगेशाचं लिंग भाविकांनी नदीपार अंत्रुज महालात, प्रियोळला नेलं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. हे लपूनछपून झालं, जिवावर उदार होऊन झालं. आणि तरी साडेचारशे वर्षांनी आम्हाला मूळ गाव माहीत आहे, जुनी जागा माहीत आहे, कुठल्या कुळाचे लोक कुठून आले ते माहीत आहे. खरोखर जिवावर बेतलेली आठवण लोक अशी धरून ठेवतात. तिला १९७९ पर्यंत कुणाच्या लेखाची वाट बघावी लागत नाही.

दोन्हीकडच्या छळाचं मला सारखंच वाटतं. म्हणूनच त्यावर कल्पित गोष्टीचं कलम केलेलं नको वाटतं.

जुनी_पोथी | ११ डिसेंबर, दुपारी ४:३०

या दोन किनाऱ्यांना जोडणारा एक माणूस आहे आणि तो मराठीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स.

जन्म इंग्लंडमधल्या विल्टशरचा. तरुणपणी तो आणि त्याचा मित्र थॉमस पाउंड, दोघं कॅथलिक, जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) होण्यासाठी रोमला निघायच्या बेतात होते. पाउंड पकडला गेला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं या ना त्या तुरुंगात राहिला. स्टीफन्स निसटला, रोमला गेला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. परत इंग्लंड त्याने पाहिलंच नाही. इथे त्याने मराठी आत्मसात केली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं, जे १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या पुराणांची उणीव भासत होती, म्हणून त्यांच्याच घाटाचं हे पुराण.

ज्या देशातून तो आला तिथे आपला धर्म शिकवणं गुन्हा होता. त्याने मुलामाणसांना धर्म कसा शिकवला? ओवीत, प्रत्येक गोष्ट नावानिशी सांगून. मरिया, योसेफ, गव्हाण, मेंढपाळ, सगळे उजेडात. अर्थात मांडवी_तीर म्हणतात तो त्याच काळाचा, त्याच गोव्याचा भाग आहे आणि तो विसरून क्रिस्तपुराण वाचू नये असं मला वाटतं. तिथे स्टीफन्सच्या बाजूला सत्ता होती. पण धर्मशिक्षणाची गाणी कशी दिसतात हे बघायचं असेल तर ती अशी दिसतात. शिकवायचं ते त्यांत सापडतं.

वसईचा_वारा | ११ डिसेंबर, रात्री ९:०५

हे पटलं. या रविवारी मुलांना खरं सांगणार. बारा चित्रं ठेवीन, पण ‘हे गाण्याच्या मागे दडलेलं आहे’ असं न म्हणता ‘आपण या आकड्यांवरून काय काय आठवू शकतो’ असं म्हणेन. आणि ओवेन सुताराची गोष्ट सांगेन. आमच्याकडे त्याच्यासारखे सुतारकाम करणारे आईबाप आहेत, मुलांना जवळची वाटेल.

नगरी_पेटी | १२ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी नगरच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) बेचाळीस वर्षं पेटी वाजवतोय. निळीशाईताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, जुन्या कॅरल्समध्ये दडलेलं काही असतं का.

असतं. एक तर अगदी शब्दशः सांकेतिक आहे आणि त्याचा फॉरवर्ड कुणी करत नाही.

‘ओ कम, ओ कम, इम्मानुएल’ हे आगमनकाळाचं, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांचं गीत. त्याचं मूळ म्हणजे नाताळच्या आधी सात संध्याकाळी, १७ ते २३ डिसेंबर, मठांमधून गायची सात लॅटिन पदं. प्रत्येक पद ‘ओ’ने सुरू होतं आणि येणाऱ्या प्रभूला एकेका नावाने हाक मारतं. ‘सापिएन्तिया’ म्हणजे ज्ञान, ‘अदोनाय’ म्हणजे प्रभू, ‘रादिक्स’ म्हणजे इशायाच्या वंशाचं मूळ, ‘क्लाविस’ म्हणजे दावीदाची किल्ली, ‘ओरिएन्स’ म्हणजे उगवता सूर्य, ‘रेक्स’ म्हणजे राष्ट्रांचा राजा, आणि शेवटी ‘इम्मानुएल’, आम्हांबरोबर देव.

हे मला चाळीस वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध पाळकसाहेबांनी दाखवलं. सराव संपला होता, पेटीचा भाता मी नुकताच लावला होता. त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर सातही नावांची रोमन आद्याक्षरं एकाखाली एक लिहिली. एस, ए, आर, सी, ओ, आर, ई. मग पेन्सिल खालच्या अक्षरावर ठेवून वर सरकवत नेली आणि मोठ्याने वाचलं: ‘एरो क्रास’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘उद्या मी असेन’. सात दिवस लोक ‘ये, ये’ म्हणत राहतात, आणि शेवटचं पद संपल्यावर मागे वळून पाहिलं तर त्यांच्याच हाकांमध्ये उत्तर लिहिलेलं असतं. मुद्दाम रचलं की जुळून आलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मध्ययुगातल्या भिक्षूंना आद्याक्षरांच्या रचनांची मोठी आवड होती, त्यामुळे मी मुद्दाम रचल्याच्या बाजूचा.

गंमत अशी की जॉन मेसन नीलच्या इंग्रजी भाषांतरामुळे हे गीत जगभर गेलं, पण त्यात इम्मानुएलचं कडवं सुरुवातीला येतं, म्हणून ती अक्षरं जुळत नाहीत. ती वही अजून आहे माझ्याकडे. पेन्सिल पुसट झालीय, पण वाचता येतं.

निळीशाई | १२ डिसेंबर, सकाळी ७:२२

पेटीकाका, अंगावर काटा आला.

मांडवी_तीर | १२ डिसेंबर, दुपारी १२:१५

संकेतांचाच विषय निघालाय तर ‘अदेस्ते फिदेलेस’, म्हणजे ‘ओ कम ऑल ये फेथफुल’. आमच्याकडे मध्यरात्रीच्या मिस्सेला हे झालं नाही तर नाताळ झाल्यासारखं वाटत नाही. इंग्लंडमध्ये त्याला एकेकाळी ‘पोर्तुगीज हिम’ म्हणत, कारण लंडनमधल्या पोर्तुगीज वकिलातीच्या चॅपेलमध्ये ते गायलं जाई. वकिलातीच्या चॅपेलवर इंग्लंडचे कायदे चालत नसत, म्हणून तिथले कॅथलिक तिथे जमायचे. गीत पोर्तुगीज नव्हे. त्याची सर्वांत जुनी हस्तलिखितं जॉन फ्रान्सिस वेड या इंग्रज कॅथलिकाच्या हातची आहेत, अठराव्या शतकाच्या मध्यावरची.

आणि याच्यावर एक गंभीर दावा आहे. डरहॅम विद्यापीठाचे संगीत-अभ्यासक बेनेट झॉन यांनी २००८ मध्ये मांडला. वेड हा पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा पाठीराखा होता. १७४५ मध्ये त्या घराण्यातल्या राजपुत्र चार्ल्सने गादीसाठी बंड केलं आणि पुढच्या वर्षी कलोडनच्या लढाईत त्याचा मोड झाला. झॉन यांच्या मते ‘विश्वासूंनो या’ ही त्या राजपुत्राच्या निष्ठावंतांना हाक, बेथलेहेम म्हणजे इंग्लंड, आणि ‘रेजेम आंजेलोरुम’, देवदूतांचा राजा, यात ‘आंग्लोरुम’, इंग्रजांचा राजा, हा श्लेष.

हा दावा त्या बारा दिवसांच्या फॉरवर्डसारखा नाही. वेडच्या पोथ्या समोर आहेत, त्यांतली चित्रं आहेत, माणसाचं राजकारण माहीत आहे. तरी मला तो अर्धाच पटतो. कारण दुसरं कडवं बघा: देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, घडवलेला नव्हे तर जन्मलेला. हा नायसियाचा मतांगीकार आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. मनात राजपुत्र असेलही, पण ओठांवर चौथ्या शतकातला धर्मसिद्धान्त आहे.

अनवट_वाट | १२ डिसेंबर, दुपारी २:४०

माझा मुद्दा मी मागे घेतो, निदान तितराच्या बाबतीत. पण ‘होली अँड द आयव्ही’ या दोन सदाहरित झाडांच्या गाण्याचं काय? तिथे म्हणतात की मूळ ख्रिस्तपूर्व निसर्गपूजा आणि वरून ख्रिस्ती रंग.

यॉर्कशायरचा_पाऊस | १२ डिसेंबर, रात्री १०:२५

हिवाळ्यात घरात हिरव्या फांद्या लावण्याची रीत जुनी आहे, त्यात शंका नाही. पण आज आपण गातो त्या गाण्याचे शब्द आणि चाल सेसिल शार्पने १९११ मध्ये छापली, ग्लॉस्टरशरमधल्या एका बाईच्या तोंडून उतरवून. त्यात लपवलेलं काहीच नाही. होलीचं फूल पांढरं, फळ रक्तासारखं लाल, काटा टोकदार, साल कडू, आणि प्रत्येक ओळीनंतर मरियेने येशूला जन्म दिला तो कशासाठी ते सांगितलंय. अर्थ दारात उभा आहे. आयव्ही बिचारी मधल्या कडव्यांत दिसतच नाही.

इथल्या पबची गोष्ट सांगतो, कारण मला ती या विषयाशी जोडलेली वाटते. शेफील्डच्या वायव्येला डंगवर्थ, स्टॅनिंग्टन अशी गावं आहेत. नोव्हेंबरातल्या युद्धस्मरणाच्या रविवारनंतर तिथल्या पबांमध्ये कॅरल्स सुरू होतात. दुपारी बाराला खोली भरलेली, खिडक्यांच्या काचांवर वाफ, एका हातात बिअरचा ग्लास आणि चार आवाजांत गाणं, कागद न बघता. एकोणिसाव्या शतकात चर्चमधली जुनी गावठी वाद्यवृंदं आणि त्यांची दणदणीत गाणी काढून टाकली, तेव्हा ती पबांत आली आणि राहिली. ‘व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड’ तर कितीतरी चालींवर म्हणतात. माझ्या शेजारी उभा राहणारा म्हातारा चर्चला जात नाही, देव मानत नाही असं म्हणतो. पण मेंढपाळांच्या ओळीला त्याचे डोळे भरतात. विचारलं तर म्हणाला, वडील हीच ओळ गायचे. तो अर्थ कुठल्या यादीत घालायचा मला माहीत नाही, पण तो खरा आहे.

नगरी_पेटी | १३ डिसेंबर, सकाळी ६:३०

माझ्या मते लपलेल्या अर्थापेक्षा हरवलेला अर्थ ही मोठी गोष्ट आहे. लपवलेलं कुणी शोधून काढतं. समोर असलेलं आपण ऐकेनासे होतो.

‘कव्हेंट्री कॅरल’ घ्या. लोक गोड अंगाई म्हणून लावतात. ते कव्हेंट्रीच्या कारागिरांच्या नाटकातलं गाणं, आज हाती असलेला पाठ १५३४चा. ज्या बाळांना हेरोद राजाचे शिपाई मारायला येताहेत त्यांच्या आया ते गातात. बाळ रडलं तर शिपायांना ऐकू जाईल म्हणून त्याला गप्प करायचंय. एकदा हे कळल्यावर ती चाल मला जोरात वाजवता आलेली नाही.

‘ओ होली नाइट’च्या तिसऱ्या कडव्यात तर गुलामाच्या बेड्या तुटण्याची ओळ आहे. जॉन सलिव्हन ड्वाइटने १८५५ मध्ये ते इंग्रजीत आणलं तेव्हा अमेरिकेत माणसं विकली जात होती. आज बहुतेक कार्यक्रमांत वेळेअभावी गाळतात ते तिसरंच कडवं. आणि ‘इट केम अपॉन द मिडनाइट क्लिअर’, १८४९चं, एडमंड सीअर्सचं. त्यात बाळ येशूच्या जन्माचं वर्णनच नाही. देवदूत शांतीचं गाणं गाताहेत आणि माणसं लढाईच्या गोंगाटात ते ऐकत नाहीत, एवढंच.

उलट ‘वी थ्री किंग्ज’मध्ये, १८५७चं ते, अर्थाची फोड गाण्यातच आहे. सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, आणि गंधरस मरणासाठी. पाळण्यातल्या बाळाला मढ्याला लावायचं द्रव्य भेट देतात. आमच्या मंडळीत दर वर्षी तीन पोरं मागी, म्हणजे बाळाच्या भेटीला आलेले ज्ञानी होतात, पुठ्ठ्याचे मुकुट, आईच्या साड्यांचे झगे. गंधरसाची डबी कुणालाच नको असते, सगळ्यांना सोनं हवं असतं. मी ती डबी नेहमी सगळ्यांत शांत मुलाकडे देतो.

बत्तीचा_उजेड | १३ डिसेंबर, दुपारी ३:५०

पेटीवाल्यांनी लिहिलं ते वाचून जालन्याकडचं आमचं गाव आठवलं. १९५०च्या दशकात नाताळच्या आधी रात्रभर घरोघर गात फिरायचो. पेट्रोमॅक्सची बत्ती एकाच्या डोक्यावर, मागे टाळ, ढोलकी, खंजिरी. इंग्रजी कॅरल आम्हाला एकही येत नव्हतं. रेव्हरंड टिळकांची पदं आणि गावातल्याच एका मास्तरांनी लावलेल्या भजनाच्या चाली. ख्रिस्ती वस्ती संपून गाव लागलं की पाटलांच्या ओट्यावरही गाणं व्हायचं, ते स्वतः सांगून पाठवायचे. त्यांच्या घरून चहा आणि शेंगदाण्याचे लाडू. आम्ही काय गातोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं, कारण मराठीतच गात होतो.

निळीशाई | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोघींना घरी बोलावलं, ग्रुपवर लिहीत बसण्यापेक्षा. हा धागा फोनवर वाचून दाखवला. पहिली म्हणाली, मला गाण्याचा राग नव्हता, लपवण्याचा होता. मी म्हटलं, लपवलेलं नाहीच ना, नाताळचं गाणं म्हणून नाताळात म्हणताहेत. ती त्यावर काही बोलली नाही, पण गाणं बदलायची मागणी तिने सोडली.

दुसरीचं मला अवघड गेलं. तिच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने ओवेन सुताराचा परिच्छेद परत वाचायला मागितला, आणि जाताना बर्डच्या त्या मिस्सेचं नाव लिहून घेतलं. आज सकाळी तिचा निरोप आला, ऐकलं, दोनदा ऐकलं.

एक प्रश्न राहिला. शाळेतल्या बाईंना ‘कॉलिंग’ऐवजी ‘कॉली बर्ड्स’ सुचवू का? लेकीला काळे पक्षी फार आवडले आहेत.

यॉर्कशायरचा_पाऊस | १५ डिसेंबर, पहाटे २:१२

जरूर सुचवा. इथे अजूनही काही जण तसंच म्हणतात. आणि तिला हेही सांगा की बारा दिवसांच्या सगळ्या भेटी मोजल्या तर ३६४ होतात. तिसरीतल्या मुलीला बेरीज करायला आवडेल. तिच्या गवळणी पाच दिवस येतात, म्हणजे एकूण चाळीस.

मांडवी_तीर | १५ डिसेंबर, सकाळी ९:००

आणि ते बारा दिवस २५ डिसेंबरला संपत नाहीत, सुरू होतात, हेही सांगा. आमच्याकडे ६ जानेवारीला रेइश मागुशला आणि कासावलीच्या बाजूला तीन राजांचं फेस्त असतं, मुकुट घातलेली तीन मुलं घोड्यांवरून येतात. तोवर घरातला गोठ्याचा देखावा मोडायचा नाही. जमलं तर तिला घेऊन या.

निळीशाई | १८ डिसेंबर, रात्री १०:०५

कार्यक्रम आज झाला. आठ गवळणी नीट आल्या, कॉली बर्ड्सही आले.

पेटीकाका, तुमची सात नावं मी तिला सांगितली, पण शेवटी काय होतं ते सांगितलेलं नाही. काल रात्री तिने रफवहीच्या मागच्या पानावर ‘एस’ लिहिला. आज त्याच्याखाली ‘ए’. विचारत होती की हे वाचायचं कधी. म्हटलं, अजून पाच रात्री आहेत. पेन्सिल टोक करून उशाशी ठेवली आहे.